दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी अडकणारं विंडोज अपडेट, आणि कुठलं अपडेट घ्यायचं याचा उलगडा

तक्रार अशी होती. महिन्यातून एकदा, दहा ते पंधरा तारखेच्या आसपास, सकाळी संगणक चालू केला की पडद्यावर ठिपके गोल फिरत राहायचे आणि खाली ओळ यायची: अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका. अर्धा तास जायचा, कधी पाऊण तास. मग सगळं पूर्ववत. आणि दुपारपर्यंत तेच अपडेट पुन्हा उतरायला लागायचं.

संगणक माझ्या आत्याचा. ती सदाशिव पेठेत राहते आणि घरूनच डीटीपीची, म्हणजे पुस्तकांची पानं संगणकावर जुळवायची कामं करते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पुस्तकं आणि जून ते ऑक्टोबर दिवाळी अंक. त्या हंगामात सकाळचा पाऊण तास गेला की प्रूफं घ्यायला आलेला माणूस दारात उभा असतो. म्हणून तिचा फोन आला, "अगं, हे अपडेट प्रकरण कायमचं बंद करून टाक बघू."

कायमचं बंद करणं हा उपाय नाही, हे आधीच सांगते. २०१७ च्या १२ मे रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला. विंडोजच्या सुरक्षेतल्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. आत्याच्या संगणकावर पंचवीस वर्षांची कामं आहेत. तिथे मी अपडेट बंद करणार नाही.

जूनमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा नेहमीचे उपाय केले. अपडेटचा ट्रबलशूटर चालवला. अपडेटची सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन नावाचं फोल्डर रिकामं केलं. उतरवलेली अपडेट्स तिथे साठतात आणि एखादं अर्धवट उतरलेलं असेल तर ते तिथेच अडून बसतं. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या दुरुस्तीच्या दोन कमांड दिल्या: आधी डिसम, नंतर एसएफसी. बरेच जण हा क्रम उलटा करतात. एसएफसी बिघडलेल्या सिस्टिम फायलीच्या जागी चांगली प्रत बसवतं, पण ती प्रत संगणकातल्याच साठ्यातून घेतं. साठाच खराब असेल तर त्याचा उपयोग होत नाही. तो साठा डिसम दुरुस्त करतं, म्हणून ते आधी. आत्याच्या संगणकावर दोघांनाही काही सापडलं नाही. मी समोर बसून अपडेट पुन्हा लावलं आणि ते वीस मिनिटांत निमूट बसलं. मला वाटलं, फोल्डर रिकामं केल्याचा गुण आला.

जुलैत पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मात्र दुरुस्तीला हात न लावता आधी नोंदी बघितल्या, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाइप केलं की व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी हा पर्याय येतो. उघडल्यावर दिवसांचे उभे पट्टे दिसतात. काही बिघडलं त्या दिवशी लाल फुली, काही अपयशी ठरलं तर पिवळा त्रिकोण. आत्याच्या पट्ट्यांवर फुल्या फार नव्हत्या. पण मागे मागे जात राहिले तसं लक्षात आलं की एक लाल फुली आणि तिच्या पुढच्याच दिवशी पिवळा त्रिकोण, अशी जोडी दर महिन्याला एकदा येते. फुलीवर क्लिक केलं की तपशील: आधीचं शटडाऊन अनपेक्षित होतं, आणि पुढे तारीख व वेळ. ११ जून रात्री पावणेअकरा. ९ जुलै रात्री अकराला पाच कमी. १३ ऑगस्ट रात्री अकरा. तिन्ही बुधवार.

माझा पहिला संशय गुरुवारवर होता. पुण्यात गुरुवार म्हणजे वीजदुरुस्तीचा दिवस, सकाळी दहाला वीज गेली की दुपारी कधीतरी येते, आणि अर्धवट लागलेलं अपडेट वीज गेल्यावर मागे फिरतं. पण नोंदी बुधवार रात्रीच्या होत्या आणि त्या रात्री पेठेत वीज गेलेली नव्हती.

बुधवार का, ते कळलं की बाकीचं जुळतं. मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा मंगळवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. आत्याचा संगणक तोवर बंद झालेला असतो. बुधवारी सकाळी तो चालू होतो, दिवसभर मागच्या मागे अपडेट उतरतं, आणि रात्री ती बंद करायला जाते तेव्हा शट डाऊनच्या जागी अपडेट अँड शट डाऊन असं आलेलं असतं. ती ते दाबून उठते आणि झोपायला जाते.

मग मी आतोबांना विचारलं, "काका, रात्री संगणकाचं बटण कोण बंद करतं?"

"मी. रोज. स्क्रीन काळी झाली की भिंतीवरचं बटण बंद. पावसाळ्यात विजांचा काय भरवसा?"

तिथेच उत्तर सापडलं. अपडेट अँड शट डाऊन दाबल्यावर संगणक लगेच बंद होत नाही. तो काही काम करतो, स्वतःहून पुन्हा सुरू होतो, उरलेलं काम करतो आणि मग बंद होतो. मधल्या त्या पुन्हा सुरू होण्यात पडदा काही सेकंद पूर्ण काळा असतो. काकांना वाटायचं झालं बंद, आणि ते बटण दाबायचे. महिन्याचे बाकी सगळे दिवस त्यांची सवय योग्यच होती. फक्त दुसऱ्या बुधवारी ती अपडेटच्या मध्यावर पडायची.

दोन गोष्टी बदलल्या. काका आता पडद्याकडे न बघता सीपीयूच्या डब्याकडे बघतात: पुढचा दिवा विझला आणि पंख्याचा आवाज थांबला की मगच भिंतीवरचं बटण. आणि महिन्याचं अपडेट बुधवारी घ्यायचंच नाही असं ठरवलं. दुसऱ्या मंगळवारी दिवसा आत्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन सात दिवसांचा पॉज दाबते, आणि शनिवारी सकाळी चहा झाल्यावर रेझ्यूम करून अपडेट लावते. काम नसतं, वीज असते, कोणीतरी समोर बसलेलं असतं. यात दुसराही फायदा आहे. एखाद्या अपडेटमध्येच खोट असेल तर बुधवार ते शुक्रवारात जगभर ओरड होते आणि शनिवारपर्यंत आपल्याला कळलेलं असतं. तीन-चार दिवसांचा उशीर घरच्या संगणकाला चालतो. पॉज एकावर एक दाबत पाच आठवड्यांपर्यंत नेता येतो, तेवढा मात्र नेऊ नका. अपवाद एकच: बातम्यांत एखाद्या भोकाचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याचं आलं, तर त्याच दिवशी, समोर बसून.

घरी यूपीएस असेल तर तो खरंच चालतो का हे महिन्यातून एकदा बघा. काम सेव्ह करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पाच मिनिटं संगणक टिकतो का पाहा. बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि यूपीएसचा हिरवा दिवा तरीही लागलेला असतो. आत्याचा यूपीएस अकरा सेकंद टिकला. नवी बॅटरी बसवली.

इथे मूळ तक्रार मिटली. पण त्या तीन महिन्यांत, अपडेट अडकतंय म्हणून घाबरून, आत्याने यादीत जे दिसेल त्यावर टिक केली होती आणि वर कोणीतरी सुचवलेली दोन मोफत सॉफ्टवेअरंही बसवली होती. त्यांचा निस्तारा करायला मूळ प्रश्नापेक्षा जास्त वेळ लागला.

अपडेटच्या नावाची ओळ नीट वाचली तर निम्मा निर्णय तिथेच होतो. सुरुवातीला वर्ष आणि महिना, पुढे क्युम्युलेटिव्ह अपडेट किंवा नुसतं सिक्युरिटी अपडेट असेल, तर ते महिन्याचं मुख्य अपडेट. ते घ्यायचं. क्युम्युलेटिव्ह म्हणजे मागच्या सगळ्या महिन्यांचं त्यात आलेलं असतं, म्हणून मधला एखादा महिना चुकला तर जुनं शोधून लावायची गरज नाही, ताजं एक पुरतं. डॉट नेट फ्रेमवर्कचं (अनेक प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात तो विंडोजचा भाग) वेगळं येतं, तेही घ्यायचं. याच ओळीत प्रिव्ह्यू हा शब्द दिसला तर सोडून द्यायचं. विंडोज ११ वर ही प्रिव्ह्यू अपडेट्स महिन्याच्या शेवटी शेवटी येतात आणि त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये येतातच. तिथेच अपडेट्स उपलब्ध होताच मिळवा अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद ठेवा. ते चालू असलं की प्रिव्ह्यू न विचारता येतात.

डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, सिक्युरिटी इंटेलिजन्स अपडेट्स दिवसातून अनेकदा येतात आणि प्रत्येकावर तोच क्रमांक असतो, केबी२२६७६०२. तेच अपडेट पुन्हा पुन्हा लागतंय म्हणजे काहीतरी अडकलंय, असं मला तीन वेगवेगळ्या घरांत विचारलं गेलंय. क्रमांक तोच असतो, ओळीच्या शेवटी दिलेली आवृत्ती बदलत असते. ते तसंच चालायला हवं. मॅलिशस सॉफ्टवेअर रिमूव्हल टूलचंही तसंच, केबी८९०८३०.

आत्याच्या अपडेट हिस्टरीत आणखी एक अपयश लटकलेलं होतं, केबी५०३४४४१, एरर ०एक्स८००७०६४३. हे जानेवारी २०२४ चं. विंडोज बिघडली तर दुरुस्तीसाठी डिस्कवर एक लहान रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) असतं, त्यातलं सॉफ्टवेअर हे अपडेट बदलतं. त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या संगणकांवर ती नसते, आणि एररचा संदेश मात्र जागेबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे लोकांनी डिसम, एसएफसी, फोल्डर रिकामं करणं असं सगळं करून पाहिलं, ज्याचा इथे काही संबंध नव्हता. हे अपडेट बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या सोयीने, कुलूप घातलेल्या डिस्कसाठी महत्त्वाचं आहे: कोणी संगणक उचलून नेला तर त्या वाटेने बिटलॉकरला वळसा घालता येत होता. आत्याच्या डिस्कवर बिटलॉकर नाही. पार्टिशन वाढवायचं तर मुख्य पार्टिशन आक्रसावं लागतं, आणि पंचवीस वर्षांचं काम असलेल्या डिस्कवर एवढ्या कारणासाठी मी ते करणार नाही. ते अपयश तसंच राहू दिलं. तुमच्याकडे बिटलॉकर चालू असेल तर मात्र आधी पूर्ण बॅकअप घेऊन ते काम करून घ्या.

आता ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वायफाय अशी उपकरणं विंडोजकडून चालवून घेणारी छोटी सॉफ्टवेअरं. खरं नुकसान इथे झालं होतं.

विंडोज अपडेटमध्ये व्ह्यू ऑप्शनल अपडेट्सच्या आत ड्रायव्हर अपडेट्स अशी यादी असते. आत्याने त्यातल्या सातही ओळींवर टिक केली. त्यातली एक प्रिंटरची होती. दुसऱ्या दिवशी प्रिंटर छापत होता, पण लीगल कागदाचा पर्याय गायब, दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय गायब, आणि पान दोन-तीन मिलिमीटर खाली सरकलेलं. घरगुती पत्र छापणाऱ्याला हे कळणारही नाही. प्रूफावर आडवी रेघ तळाच्या समासात गेली की कळतं. आत्या दोन दिवस पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधले समास तपासत बसली होती. तिला वाटलं फाइल बिघडली.

प्रिंटर कंपनीच्या ड्रायव्हरच्या जागी साधा सर्वसामान्य ड्रायव्हर बसला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर असतं, ते दाबलं की आधीचा परत येतो. बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. प्रिंटरच्या बाबतीत मी सरळ रस्ता घेते: प्रिंटर काढून टाकायचा, कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवायचा, आणि ती इन्स्टॉलरची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायची. मॉडेल जुनं झालं की कंपन्या साइटवरून ड्रायव्हर काढून टाकतात. आत्याच्या डी ड्राइव्हवर आता "जपून ठेवणे" नावाचं फोल्डर आहे. त्यात प्रिंटर, स्कॅनर, जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (संगणकाला लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी कळ), सगळ्यांचे इन्स्टॉलर आहेत, आणि त्याची प्रत पेन ड्राइव्हवर.

ऑप्शनल यादीतल्या ड्रायव्हरबद्दल माझा नियम कडक आहे. काही बिघडलेलं नसेल तर एकही घ्यायचा नाही. आवाज येत नाही, वायफाय तुटतंय, अशी ठोस तक्रार असेल तर फक्त त्याच उपकरणाचा, आणि त्या दिवशी दुसरं काही लावायचं नाही. सात एकदम लावले की कुठल्याने बिघडलं हे शोधायला संध्याकाळ जाते.

आत्याने बसवलेल्या दोन सॉफ्टवेअरांपैकी एक होतं ड्रायव्हर अपडेटर. त्याने लाल अक्षरांत दाखवलं की तिचे चौदा ड्रायव्हर कालबाह्य आहेत, त्यातला एक १८ जुलै १९६८ चा. आत्या म्हणाली, "१९६८ साली मी पहिलीत होते. तेव्हाचं काहीतरी या डब्यात कसं असेल?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याला सरळ उत्तर आहे. १८ जुलै १९६८ ही इंटेल कंपनीच्या स्थापनेची तारीख. चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या, या फायली म्हणजे खरं तर उपकरणाचं नाव सांगणाऱ्या पाट्या असतात. त्यांनी दुसऱ्या कुठल्या खास ड्रायव्हरची जागा घेऊ नये म्हणून इंटेल त्यांवर मुद्दाम ही जुनी तारीख घालतं, कारण विंडोज दोन सारख्या ड्रायव्हरांत निवड करताना तारीख बघते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर त्याच कारणाने २१ जून २००६ ही तारीख असते, फाइल कालची असली तरी. जे सॉफ्टवेअर या तारखा दाखवून घाबरवतं आणि पुढच्याच खिडकीत पैसे मागतं, त्याला ड्रायव्हरमधलं काही कळत नाही किंवा कळूनही ते तुम्हाला फसवतंय. दोन्ही परिस्थितींत ते काढून टाका.

दुसरं रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज जिथे नोंदवतात ती वही, साफ करणारं होतं. रजिस्ट्री साफ केल्याने संगणक वेगवान होत नाही. लाखो नोंदींतल्या शेपन्नास निरुपयोगी नोंदी गेल्या तर वेगात फरक पडत नाही, आणि चुकीची एक गेली तर एखादा प्रोग्रॅम उघडत नाही. मायक्रोसॉफ्टही अशा सॉफ्टवेअरांना पाठिंबा देत नाही. आणि प्रसिद्ध नाव म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती त्यांच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरून, त्यांच्या खऱ्या डिजिटल सहीसकट, आत मालवेअर घेऊन जवळपास महिनाभर वाटली जात होती. डिस्कवर जागा हवी असेल तर विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्स आहे. डिफेंडर असताना दुसरा मोफत अँटिव्हायरस लागत नाही.

ज्या लहान सॉफ्टवेअरांकडे लोक दुर्लक्ष करतात त्यांच्याकडे मात्र लक्ष द्या: बाहेरून आलेली फाइल जी उघडतात ती. आत्याकडे लेखक मंडळी ईमेलने झिप, रार अशा एकत्र बांधलेल्या फायली पाठवतात. त्या उघडायला तिच्याकडे विनरार होतं, २०१९ मध्ये बसवलेलं, त्यानंतर कधीच न बदललेलं. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं की फायलीतल्या चित्रावर क्लिक करताच भलताच प्रोग्रॅम चालायचा, ते ६.२३ मध्ये बुजवलं. २०२५ मध्ये पुन्हा एक, ते ७.१३ मध्ये. त्याच कामाचं सेव्हन-झिपही स्वतःहून अपडेट होत नाही. दर तीन महिन्यांनी हेल्पमध्ये जाऊन आवृत्ती बघा, आणि नवी उतरवायची तर त्यांच्या मूळ साइटवरूनच. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नाही.

राहता राहिली विंडोज १०. तिचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आत्याच्या संगणकाचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा, विंडोज ११ ला आठवी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. ही अट चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण ज्याच्यावर घर चालतं त्या संगणकावर मी त्या करत नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. संगणक विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर हवा आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला तयार असाल तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट. नोंदणीची लिंक विंडोज अपडेटच्या पानावरच दिसते. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत चालतं.

आत्याची नोंदणी आम्ही मोफत प्रकाराने केली. नवा संगणक घेण्याआधी एकच गोष्ट तपासायची राहिली आहे: तिच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल विंडोज ११ वर कोअर आयसोलेशन (विंडोजचा गाभा वेगळा राखणारी सुरक्षेची सोय) चालू असताना चालतो का. जुने ड्रायव्हर तिथे अडतात. त्यासाठी ती या शनिवारी डोंगल आणि जपून ठेवलेला इन्स्टॉलर घेऊन माझ्याकडे कोथरूडला येणार आहे. माझ्या लॅपटॉपवर लावून बघू.